कुणाच्या तरी अंगणात

फ्लरी या गावी मी गवतावर बसून सँडविच खात होते, तेव्हा एक वृद्ध गृहस्थ माझ्यासमोर येऊन थांबले. अंगात गडद निळा कोट, डोक्यावर चपटी टोपी, हातात काठी. त्यांनी काठीचे टोक माझ्यापासून हातभर अंतरावर गवतात टेकवले आणि शांतपणे काहीतरी म्हणाले. त्या वाक्यातला शेवटचा तुकडा तेवढा माझ्या कानांनी पकडला : '…स्वार'. संध्याकाळच्या फ्रेंच वर्गात आम्ही नुकतेच 'आस्वार' हे बसण्याचे क्रियापद सगळ्या काळांतून फिरवून दमलो होतो, त्यामुळे गृहस्थ बसण्याविषयीच काही सांगत आहेत असे मी धरून चालले. आता ते 'बसा, उठू नका' म्हणाले की 'इथे बसू नका' म्हणाले, हे चेहऱ्यावरून कळावे, तर त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता आणि हसूही नव्हते. मी अर्धे सँडविच कागदात गुंडाळले आणि उठले. उठताना शेजारी रोवलेला बुटका खुंट दिसला. इथे एक शेतकऱ्याचे घर होते, एवढीच त्यावर नोंद होती. मी क्षमा मागितली, त्यांनी मान हलवली आणि ते पायवाटेने चॅपलच्या दिशेने निघून गेले.

मी एका घरात बसून जेवत होते, आणि ते घर तिथे नव्हते.

उंबऱ्यावर बसू नये, उंबऱ्यात बसून खाऊ तर मुळीच नये, हे आजीने लहानपणी इतक्या वेळा बजावले होते की त्याचे कारण विचारण्याचे आम्हाला कधी सुचले नाही. त्या दिवशी मेसला परतताना गाडीत मला तेच आठवत राहिले. (शहराचे नाव लिहायचे मेट्झ आणि म्हणायचे मेस, नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही तिथे दोन वर्षे काढली, पण पहिले दोन महिने मी ते चुकीचेच उच्चारत होते.) उंबरा नसलेल्या घराच्या उंबऱ्यावर बसल्याचा दोष लागतो का, असा प्रश्न मी नवऱ्याला विचारला. त्याने गाडी चालवताना माझ्याकडे एकदा पाहिले आणि रेडिओचा आवाज वाढवला.

फ्लरीचे पूर्ण नाव फ्लरी-दवाँ-दुओमाँ, म्हणजे दुओमाँच्या पुढ्यातले फ्लरी. फ्रान्सच्या ईशान्येला, म्यूज नदीच्या उजव्या तीरावरच्या टेकड्यांत, व्हर्डन शहरापासून थोड्याच किलोमीटरवर ते आहे. 'आहे' हे क्रियापद इथे मुद्दाम वापरले आहे, कारण कागदोपत्री ते आजही आहे. फ्रान्सच्या सांख्यिकी संस्थेच्या यादीत या गावाला स्वतःचा क्रमांक आहे, शिवेची नोंद आहे, आणि लोकसंख्येच्या रकान्यात शून्य आहे. गावाला मेअर आहे. आपल्या लेखी सरपंचच. मतदारच नसल्यामुळे तो निवडून येत नाही, जिल्ह्याचा प्रीफेक्ट, म्हणजे आपल्या कलेक्टरसारखा अधिकारी, त्याची नेमणूक करतो. सोबत दोन सदस्य असतात, आणि हे तिघे मिळून ज्या गावाचा कारभार पाहतात त्यात एक चूल नाही, एक नळ नाही, घरपट्टीची एक थकबाकी नाही. व्हर्डनच्या परिसरात अशी शून्य वस्तीची सहा गावे आहेत : फ्लरी, बोमाँ, बेझोंव्हो, क्युमिएर, ओमाँ आणि लुव्हमाँ. पहिल्या महायुद्धात मातीत मिळालेली गावे एकूण नऊ. उरलेल्या तिघांत पुढे थोडीफार घरे पुन्हा उभी राहिली. या सर्व गावांना 'फ्रान्ससाठी मृत' असा किताब आहे, जो एरवी सैनिकाच्या नावापुढे लिहितात.

हे सगळे मी जाण्याआधी वाचले होते, आणि खरे सांगायचे तर त्यातल्या विक्षिप्तपणामुळेच मी तिथे गेले होते. माणूस नाही आणि सरपंच आहे, ही गंमत फोनवर कुणालातरी सांगण्यासारखी वाटली होती. प्रत्यक्षात गाव समोर आले तेव्हा सांगण्यासारखे काही दिसेना. झाडांच्या सावलीत उंचसखल जमीन पसरलेली होती. तिला उंचसखल म्हणणेही अपुरे आहे, कारण तिथे सलग दोन पावले एका पातळीवर पडत नाहीत. खळग्याच्या काठाला दुसरा खळगा, त्याच्या काठाला तिसरा, आणि सगळ्यांवर एकसारखे हिरवे, कापलेले गवत. वादळ चालू असताना समुद्र एकाएकी थिजावा आणि त्याच्यावर कुणीतरी शाल पांघरावी, तशी ती जमीन दिसते. मे महिना होता. सकाळी पाऊस होऊन गेला होता, पाइनच्या चिकाचा आणि ओल्या पालापाचोळ्याचा वास दाटला होता. जंगलातल्या खोल खळग्यांत पाणी साठते, आणि पिवळ्या पोटाचे बेडूक त्या पाण्यात अंडी घालतात. तोफगोळ्याने केलेला खड्डा बेडकाच्या लेखी चांगले तळे असतो.

या गवतातून आखलेल्या पायवाटा म्हणजे गावचे जुने रस्ते, आणि त्यांच्या कडेला ते खुंट. इथे लोहार. इथे किराणा आणि कॅफे. इथे धुण्याची जागा. इथे शाळा आणि ग्रामकचेरी. अमुक शेत, तमुक शेत. मराठी वाचकाला हे वाचताना जे आठवेल तेच मलाही आठवले : माणसांची नावे गळून गेली आणि बलुती उरली. मी लोहाराच्या खुंटापाशी बराच वेळ थांबले. खुंटामागे एक खळगा होता, खळग्यात मागच्या वर्षीची पाने कुजत होती. ऐरण जिथे असेल तिथे आपण उभे आहोत अशी कल्पना करण्याचा मी प्रामाणिक प्रयत्न केला, आणि तो फसला. अशा ठिकाणी गहिवरून यावे अशी आपल्याकडून एक अपेक्षा असते. मला मात्र बूट ओले झाल्याचे जाणवत होते आणि भूक लागली होती. म्हणून तर मी सँडविच काढले.

त्यानंतर मात्र मला ते घर डोळ्यांपुढून हलेना. ज्या घरातून मला उठवले गेले, ते कसे असेल? त्या एका घराबद्दल कळण्याची शक्यता नव्हती, पण त्या भागातल्या, म्हणजे लॉरेन प्रांतातल्या, जुन्या खेड्यांमधून आम्ही रविवारी पुष्कळ भटकलो होतो, आणि तिथली घरे एकमेकांची सख्खी भावंडे असतात. गाव म्हणजे एक लांब रस्ता, आणि त्याच्या दोन्ही अंगांना भिंतीला भिंत लावून उभ्या असलेल्या घरांच्या रांगा. दर्शनी भाग अरुंद, पण घर आत खोल जाणारे. एका बाजूला माणसांचा दरवाजा, त्याच्या शेजारी गवताने भरलेली गाडी आत जाईल एवढा कमानीचा मोठा दरवाजा. माणसे, गुरे आणि चारा एकाच छपराखाली. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती असल्यामुळे मधल्या खोलीला खिडकी नसते. तिथल्या स्वयंपाकघरात उजेड येतो तो वरूनच. छपरावर आपल्या कोकणातल्या नळ्यांच्या जवळची वाटावीत अशी अर्धगोल कौले. उन्हाळा सरताना मिराबेल नावाची लहान पिवळी आलुबुखारे पिकतात, आणि मग पंधरा दिवस सगळ्या गावाला मुरंब्याचा आणि दारूच्या भट्टीचा मिळून एक वास येतो. तो वास मी दुसऱ्या, जिवंत गावांत घेतला आहे. फ्लरीत १९१४ पूर्वी तो येत नसेल असे मानायला मला काही कारण दिसत नाही.

युद्धापूर्वीच्या शेवटच्या शिरगणतीत फ्लरीत ४२२ माणसे होती. शेती, गुरे, जंगलातले लाकूड, आणि व्हर्डनला जाणारी एक अरुंद रुळांची गाडी, जिचे स्टेशन गावालगत होते. सैन्य या मुलखाला नवे नव्हते. व्हर्डनच्या नावाने ८४३ मध्ये सम्राट शार्लमेनच्या नातवांनी साम्राज्य वाटून घेतले, १७९२ मध्ये ते शहर प्रशिया या जर्मन राज्याने घेतले, १८७० मध्ये पुन्हा वेढा पडला. पण फ्लरीचे नशीब फिरले ते १८७१ मध्ये, जेव्हा हरलेल्या फ्रान्सने मेस शहरासकट आमच्या बाजूचा सगळा भाग जर्मनीला दिला आणि सरहद्द पश्चिमेकडे सरकली. आम्ही मोटारीने तासाभरात व्हर्डनला पोचायचो, त्या वाटेवर ही जुनी सरहद्द कुठे लागून गेली हे कधी कळायचेही नाही. तिच्यापायी व्हर्डनभोवतीच्या टेकड्यांवर किल्ल्यांचे कडे उभे राहिले : दुओमाँ, व्हो, सूव्हिल. फ्लरी या तिघांच्या मधोमध. किल्ले आपल्या रक्षणासाठी आहेत, असे गावकऱ्यांना वाटले असणार. त्यांच्या जागी मलाही वाटले असते.

२१ फेब्रुवारी १९१६ रोजी सकाळी जर्मन तोफा सुरू झाल्या. त्याच दिवशी गाव रिकामे करण्याचा हुकूम झाला. बर्फाचे दिवस होते. हाताला लागेल ते गाड्यांवर टाकून माणसे निघाली. मला या प्रसंगात राहून राहून गाई दिसतात. फेब्रुवारीत गुरे गोठ्यातच बांधलेली असतात, आणि गोठा घरातच असतो. काहींनी ती बरोबर नेली असतील, काहींनी दावी कापून सोडून दिली असतील. दार लावून घेतले असेल का? किल्ली बरोबर नेली असेल का? चार दिवसांनी, २५ तारखेला, दुओमाँचा किल्ला पडला. जूनच्या सुरुवातीला व्हो पडला. २२ जूनच्या रात्री जर्मनांनी विषारी वायूच्या गोळ्यांचा मारा केला आणि दुसऱ्या दिवशी बव्हेरियन पलटणी फ्लरीत शिरल्या. तेव्हापासून १८ ऑगस्टपर्यंत, म्हणजे दोन महिन्यांहून कमी काळात, हे गाव सोळा वेळा या हातातून त्या हातात गेले असे मानले जाते. सोळा हा आकडा मला बरेच दिवस अस्वस्थ करत होता, कारण पाचव्या-सहाव्या वेळेनंतर जिंकायला तिथे भिंतही उरलेली नसणार. मेलेले दोन्हीकडचे बरेच जण स्वतः खेड्यातून आलेले होते. मागे आपल्या घरी वैरण कापायची वेळ झाली, हे त्यांना आभाळाकडे बघून कळत असेल.

डिसेंबरात व्हर्डनची लढाई संपली तेव्हा दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे तीन लाख सैनिक मेले होते.

युद्धानंतर उत्तर आणि पूर्व फ्रान्समधली उद्ध्वस्त गावे पुन्हा बांधली गेली. लोक लाकडी बराकींत राहिले, खंदक बुजवले, पुन्हा नांगर धरला. फ्लरीला ते जमणार नव्हते. वरची सुपीक माती उडून खालची खडकाळ माती वर आली होती, पाणी खराब झाले होते, जमिनीत न फुटलेले गोळे होते आणि माणसे होती. १९१९ च्या कायद्याने अशा प्रदेशाला 'तांबडा पट्टा' ठरवले गेले, सरकारने जमिनी विकत घेतल्या आणि तिथे जंगल लावले, प्रामुख्याने ऑस्ट्रियन काळा पाइन, कारण तसल्या नापीक मातीत तोच तग धरी. शेतकऱ्याला पैसे मिळाले आणि त्याच्या शेतात पाइन आला. या व्यवहारात अन्याय कुठे झाला हे दाखवणे कठीण आहे, आणि तरीही मला त्या शेतकऱ्याची बाजू घ्यावीशी वाटते. गावाचे अस्तित्व मात्र सरकारने पुसले नाही. गावाला एक कारभारी मंडळ दिले गेले, आणि सरपंच नेमण्याची ती पद्धत आज शंभर वर्षे उलटल्यावरही चालू आहे. जिथे चर्च होते तिथे एक लहान चॅपल बांधले गेले. जुन्या कुटुंबांचे वंशज वर्षातून एकदा तिथे जमतात, प्रार्थना होते, मृतांच्या स्मारकावर फुले वाहिली जातात. मग सगळे आपापल्या गावी परततात, कारण इथे मुक्काम करायला घर नाही.

जमिनीचे काम अजून संपलेले नाही. व्हर्डनच्या परिसरात न फुटलेले गोळे आजही सापडतात आणि ते उचलणारे सरकारी पथक आहे. २०१३ मध्ये फ्लरीतच, फिरायला आलेल्या काही जर्मन पर्यटकांना जमिनीतून वर आलेली हाडे दिसली. खोदल्यावर २६ फ्रेंच सैनिकांचे अवशेष निघाले, त्यातल्या सात जणांची ओळख पटली. शहाण्णव-सत्त्याण्णव वर्षांनी सात घरांना निरोप गेला असेल. तो घेणारा नातू की पणतू, आणि त्याने त्या संध्याकाळी काय केले असेल, हा विचार मी करून पाहते आणि मला काही सुचत नाही.

फ्लरीपासून थोड्या अंतरावर दुओमाँचे अस्थिमंदिर आहे. तिथे ओळख न पटलेल्या सुमारे १,३०,००० सैनिकांच्या अस्थी ठेवल्या आहेत. इमारतीच्या मागच्या बाजूच्या लहान खिडक्यांतून त्या दिसतात. समोर पांढऱ्या क्रुसांच्या रांगा, आणि मुस्लिम सैनिकांच्या कबरींचा वेगळा भाग. तिथे बसगाड्या येतात, शाळेच्या सहली येतात, १९८४ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष मितराँ आणि जर्मनीचे चॅन्सलर कोल याच जागी हातात हात घेऊन उभे राहिले होते. तिथे माणूस आपोआप गप्प होतो. ते योग्यच आहे. पण तिथून फ्लरीत परत आल्यावर मला एक तक्रार जाणवू लागली, आणि ती कुणापुढे मांडावी हे अजून ठरलेले नाही. हे गाव शतकानुशतके जगले, आणि त्याला आता ओळख आहे ती फक्त सहा महिन्यांची. माणसे इथे लढाईसाठी येतात. मीही लढाईसाठीच आले होते. फलक लढाईचे, नकाशे लढाईचे, तारखा पलटणींच्या. खुंटांवर लोहार आणि किराणावाला आहेत खरे, पण तेही तिथे आहेत ते नाहीसे झाले म्हणून. ज्याच्याकडे उधारी थकली होती तो लोहार, दुधात पाणी घालणारी कुणी बाई, दोन भावांचे बांधावरून न मिटलेले भांडण, असले काही 'फ्रान्ससाठी मृत' या चार हात उंच शब्दांखाली उरत नाही. आणि ४२२ माणसांच्या गावात हे सगळे नव्हते, असे मला कुणी सांगू नये.

हिवाळ्यात, मेसच्या ग्रंथालयात मी लॉरेनमधल्या जुन्या घरांवरची एक जाड पुस्तिका शब्दकोशाच्या आधाराने वाचत होते, आणि एका पानावर थबकले. घर आणि रस्ता यांच्यामध्ये जी रुंद मोकळी पट्टी असते, तिला त्या प्रांतात एक खास शब्द आहे : युझ्वार. ही जागा सहसा गावाच्या मालकीची असते, पण ज्याच्या घरासमोर ती येते तो तिचा वापर करतो. तिथे सरपणाच्या थप्प्या रचायच्या, गाडी उभी करायची, नांगर ठेवायचा, आणि मुख्य म्हणजे शेणाचा ढीग घालायचा. घराच्या मागे जायला वाट नाही, दोन्ही बाजूंना शेजारी, तेव्हा सगळे पुढेच. उकिरडा जेवढा मोठा तेवढी गुरे जास्त, आणि गुरे जास्त तेवढा धनी सधन. मुलीसाठी स्थळ बघायला आलेला बाप घरात शिरण्याआधी ढिगाकडे नजर टाकून घेई, असे तिथले लोक गमतीने सांगतात. आपल्याकडे याला नेमका शब्द मला सापडला नाही. अंगण म्हणावे तर ते घराचे असते. रस्ता म्हणावा तर त्यावर कुणी सरपण रचत नाही. वापराने आपली आणि कागदाने सर्वांची अशी ती जागा. तिच्यावरून वर्षाला दोन तरी भांडणे होत असणार.

युझ्वार. मी ग्रंथालयात तो शब्द दोन-तीनदा हलक्या आवाजात म्हणून पाहिला. समोर बसलेल्या मुलाने वर पाहिले.

म्हणजे ते गृहस्थ बसण्याविषयी काही बोललेच नसतील. रस्त्याच्या कडेला, घराच्या खुंटाच्या पुढ्यात, मी बसले होते ती जागा कदाचित त्या घराची युझ्वार होती, आणि काठी टेकवून ते एवढेच सांगत होते. किंवा ते खरोखर बसा म्हणत होते, आणि मी उगाच उठले. ते त्या गावच्या वंशजांपैकी होते, की माझ्यासारखेच मे महिन्यात हिंडायला आलेले कुणी, हेही मला माहीत नाही. पण युझ्वार हा शब्द मिळाल्यावर मला त्या खळग्यांच्या कडेला पहिल्यांदा काहीतरी दिसले. लोहाराच्या ऐरणीची कल्पना करताना मी हरले होते. उकिरडा मात्र मला लगेच दिसला, फेब्रुवारीच्या थंडीत वाफाळणारा, वर बर्फाचा पातळ थर, बाजूला टेकवलेले दाताळे, आणि कुणीतरी ज्याच्यावरून शेजाऱ्याशी वाद घातला असेल असा त्याचा रस्त्यात पसरलेला पाय. तो वासही आला, आणि तो मला मे महिन्यातल्या त्या कापलेल्या गवतापेक्षा अधिक खरा वाटला. कुठल्याही फलकावर मी त्याची नोंद पाहिली नव्हती. सन्मानाने सांभाळलेल्या जागेत शेणाचा ढीग कोण नोंदवणार, हे मला समजते. पण २१ फेब्रुवारीच्या सकाळी जे मागे टाकून जावे लागले त्यात तो होता. पुढच्या हंगामाचे सगळे खत त्यात होते.

मेस सोडण्याच्या आधीच्या ऑक्टोबरात आम्ही पुन्हा एकदा फ्लरीला गेलो. धुके होते, खळग्यांत पाने साचली होती, गावात आमच्याशिवाय कुणी नव्हते. मी तो खुंट शोधून काढला. त्याच्यापासून पायवाटेपर्यंतचे अंतर पावलांनी मोजले. सहा भरली, पण जुना रस्ता नेमका किती रुंद होता आणि आजची पायवाट त्याच्या कोणत्या भागावरून जाते हे ठाऊक नसल्यामुळे त्या मोजणीला काही अर्थ नव्हता. नवरा खिशात हात घालून थोडा लांब उभा राहिला होता. दुपार उलटली होती, भूक त्यालाही लागली होती. पिशवीत कालच्या पोळ्या आणि बटाट्याची भाजी होती. 'इथेच कुठेतरी बसू या,' तो म्हणाला, आणि गवतावर सोयीची जागा बघू लागला. मी त्याला नको म्हटले. आम्ही चालत युद्धाच्या संग्रहालयापर्यंत आलो, जे १९६७ मध्ये फ्लरीच्या जुन्या रेल्वे स्टेशनच्या जागेवर उभारले आहे, आणि तिथे मोटारीच्या बॉनेटवर डबा उघडून उभ्यानेच जेवलो. स्टेशनावर खाल्ले तर कुणाची हरकत नसते.